तळ्याचा सकाळचा श्वास

बारकी घरात सर्वांत धाकटी, म्हणून तिला बारकी म्हणत. बाकी तिच्यात बारीक असं काही नव्हतं. दारातून आत शिरताना तिला मान तुकवावी लागे, आणि आयुष्यात तेवढ्या एकाच ठिकाणी ती मान तुकवत असे. कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकत होती आणि प्राध्यापकांच्या चुका फळ्यापर्यंत जाऊन दुरुस्त करत होती. त्यातल्या काही चुका खरंच चुका असत.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा तिने उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधनाची इंटर्नशिप मिळावी म्हणून अर्ज केले. तिला हवे होते तारे. ताऱ्यांवर काम करणाऱ्या संस्थेने कळवलं की आपला अर्ज वाचून आनंद झाला, पुढील वाटचालीस शुभेच्छा. म्हणजे चालू लागा. उरली हवा. वातावरणशास्त्राच्या संस्थेने तिला लगेच बोलावलं. त्यांच्याकडे जागा जास्त आणि अर्ज कमी होते हे तिला फार नंतर कळलं. तोवर ती आपल्या हुशारीवरच खूष होती.

"हवेवर संशोधन?" बाबा म्हणाले. बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि त्यांच्या लेखी हवा म्हणजे टायरमधली. "हवा कमी आहे की जास्त, एवढंच तर बघायचं असतं. त्याला अख्खा उन्हाळा कशाला?"

"टीव्हीवर नकाशापुढे हात हलवत उभी राहणार का गं?" आत्याने विचारलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती याच घरात राहायची आणि फोनवरून बाकीच्या सगळ्या घरांत राहायची. "मग आधी ते केस नीट कापून घे."

आई एका दंतवैद्याकडे काउंटरवर बसायची. दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघून तिला स्वतःचं उघडायचा कंटाळा येई. ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे तिला. इथे बसून आपल्याला शिकवण्यापेक्षा तिकडे जाऊन शिकेल तरी."

संस्था दुसऱ्या गावी होती. एका तळ्याच्या काठावर तीन मजली करडी इमारत, भिंतींवर ढगांचे फोटो, कोपरे गुंडाळलेले. लिफ्ट एक होती. कुठलंही बटण दाबलं तरी ती आधी दुसऱ्या मजल्यावर थांबून विचार करायची. त्याच मजल्यावर बारकीच्या मार्गदर्शक बसत. हवेतल्या धुळीवर त्यांनी जन्म घालवला होता, म्हणून सगळे त्यांना धूळबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांच्या टेबलावर मात्र धुळीचा कण नव्हता.

"वादळं बघायला मिळतील ना, मॅडम?" बारकीने पहिल्याच दिवशी विचारलं.

"मिळतील की," धूळबाई म्हणाल्या. "एक्सेलमध्ये."

पहिल्या दिवशी सगळ्या इंटर्नना इमारतीसमोरच्या पटांगणात नेऊन एक पांढरा फुगा आकाशात सोडायला लावला. फोटो काढले. बारकीने त्यातला एक घरी पाठवला. आत्याने तो अशा लोकांनाही पाठवला ज्यांना बारकी कोण हेच ठाऊक नव्हतं. त्यानंतर फुग्याचं नाव कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बारकी एका खुर्चीत, आणि समोर आकडे.

इमारतीच्या छतावर एक हवामान केंद्र होतं. लोखंडी खांब, त्यावर वारा मोजणारं भिरभिरं, आणि खाली पांढऱ्या बशा एकावर एक उपड्या रचल्यासारखं एक आवरण. त्याच्या आत तापमान आणि आर्द्रता मोजणारं यंत्र. ते मिनिटामिनिटाला आकडे खाली पाठवायचं आणि बारकीने ते धान्य निवडावं तसे निवडायचे. कुठे तापमान चंद्रावरचं, कुठे आर्द्रता एकशे चाळीस टक्के, म्हणजे यंत्र एकतर बुडालेलं किंवा झोपेत. असले खडे काढून फेकायचे आणि उरलेल्यांचे आलेख करायचे. पहिला आठवडाभर तिला वाटत राहिलं की आपली फसवणूक झाली. दुसऱ्या आठवड्यात तिला उंचवटा सापडला.

ऊन चढलं की हवेतली आर्द्रता उतरत जाते. आलेखात ती रेघ घसरगुंडीसारखी खाली यायला हवी. पण इथे सकाळी कामाची वेळ सुरू झाली की रेघ मध्येच फुगायची आणि मग हळूहळू पुन्हा सपाट व्हायची. सापाने उंदीर गिळून स्वस्थ पडावं तशी. त्याच वेळी तापमान किंचित उतरायचं. एक दिवस नाही, रोज. काही दिवशी उंदीर लठ्ठ आणि बराच वेळ टिकणारा, काही दिवशी बारका आणि झटपट पचणारा.

बारकीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"चांगलं आहे," धूळबाई म्हणाल्या. "कशामुळे होतंय ते शोध. आणि शोधेपर्यंत त्याला नाव देऊ नकोस. नाव दिलं की माणसाला लळा लागतो."

बारकीने तोवर नाव दिलं होतं: तळ्याचा श्वास. सकाळी ऊन पडलं की तळ्यावरची ओलसर हवा किनाऱ्याकडे सरकते, इमारतीवरून जाते आणि यंत्राला स्पर्शून जाते. यात न पटण्यासारखं काय होतं? लठ्ठ उंदीर म्हणजे खोल श्वास, बारका म्हणजे उथळ. रोज सकाळी ती तळ्याकाठी फिरायला जाऊ लागली. पाण्याकडे बघताना तिला वाटायचं, हे इतकी वर्षं श्वास घेतंय आणि ते फक्त मला माहीत आहे.

आता गंमत अशी, की विभागप्रमुखांची जुनी आवडती कल्पना नेमकी हीच होती. ते गोल चेहऱ्याचे, उत्साही गृहस्थ. कुठलीही चर्चा ते तळ्याशी आणून सोडत, म्हणून त्यांचं नाव पडलं तळेसर. जेवणाच्या टेबलावर बारकी आपला शोध शेजारच्याला जरा मोठ्यानेच सांगत होती. ते ऐकून तळेसर हातातला काटा तसाच घेऊन तिच्या समोर येऊन बसले.

"पुन्हा सांग. अगदी पहिल्यापासून."

तिने सांगितलं. तळेसरांचे डोळे पाणावले. "मी यावर एक शोधनिबंधही लिहिला होता," ते म्हणाले. "लोक हसले. आणि आता एक विद्यार्थिनी येऊन... पोरी, तू कुठे होतीस इतके दिवस?"

मग काय, बारकी हरभऱ्याच्या झाडावर जी चढली ती शेंड्यापर्यंत. तिने घरी फोन केला. आत्याने अर्धंच ऐकलं आणि पुढच्या अर्ध्या तासात सबंध नातेवाइकांत बातमी गेली की बारकीने एका तळ्याला श्वास घेताना पकडलं.

फक्त एक खोट होती. रविवारी उंचवटा येत नसे.

"तळ्याला साप्ताहिक सुट्टी असते का?" धूळबाईंनी विचारलं.

"मॅडम, रविवारी रस्त्यावर गाड्या नसतात," बारकी म्हणाली. उत्तर तिने तयारच ठेवलं होतं. "इतर दिवशी गाड्यांनी रस्ता तापतो, गरम हवा वर जाते आणि तळ्यावरची हवा ओढली जाते."

ही पुरवणी तळेसरांना इतकी आवडली की त्यांनी ती दोनदा म्हणायला लावली. धूळबाईंनी नुसता चष्मा पुसला. "छतावर जाऊन आलीस?" त्यांनी विचारलं.

"आकडे तर इथेच येतात ना, मॅडम."

"हं," धूळबाई म्हणाल्या.

शेवटी ती छतावर गेली ती शोधासाठी नव्हे, फोटोसाठी. इंटर्नशिप संपताना प्रत्येकाने सभागृहात आपलं काम मांडायचं होतं, आणि बारकीला पहिल्याच पानावर यंत्राचा देखणा फोटो हवा होता. सकाळचं ऊन छान असतं म्हणून तिने धूळबाईंकडून किल्ली घेतली आणि लोखंडी जिना चढली. दार उघडंच होतं.

यंत्राच्या पांढऱ्या बशांवर एक टॉवेल पसरला होता. त्याच्यावर, वाऱ्याने उडू नये म्हणून दोन चिमटे लावून, एक पोहण्याची चड्डी. गडद निळी, तिच्यावर पिवळे मासे. टॉवेलातून पाणी टपटपत होतं.

बारकी बघतच राहिली. तिने काय करावं? फोटो काढला. हात आपोआप वर गेला, एवढंच. मग पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसली. ऊन चांगलंच तापल्यावर जिन्यावर पावलं वाजली आणि शीळ घालत तळेसर आले. त्यांनी चड्डी चाचपली, मग टॉवेल चाचपला. तोंड वाकडं केलं, चड्डी घडी घालून पिशवीत टाकली, टॉवेल उलटा पसरला आणि शीळ घालत निघून गेले.

टाकीला पाठ लावून बारकीने हिशेब जुळवला. खोल श्वास म्हणजे टॉवेल. उथळ श्वास म्हणजे नुसती चड्डी. रविवारी तरणतलाव बंद. सगळं कसं चोख जुळत होतं. तिला हसू यायला हवं होतं, पण तिला रडू आलं. छतावरून तळं दिसत होतं. ते नुसतं पाणी होतं आणि नुसतं पडलं होतं.

धूळबाईंना तिने फोटो दाखवला तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन, डोळे पुसून त्या म्हणाल्या, "काहीतरी असणार याचा मला वास आला होता. म्हणून तर छतावर जा म्हणत होते. पण माझी कल्पनाशक्ती माशांपर्यंत पोहोचली नव्हती."

"आता मी काय करू, मॅडम? ते पहिल्या रांगेत बसणार. माझ्या घरचे पण येणार."

धूळबाई गंभीर झाल्या. "हे बघ, तू तळ्याचा श्वास तसाच मांडलास तर कुणाला कळणार नाही. टाळ्या पडतील. मला कळेल, पण मी गप्प बसेन. मला अजून इथे दिवस काढायचेत आणि मी काही शूर बाई नाही. तेव्हा मी सांगणार नाही काय कर. फक्त एक सांगते. एका फोटोवरून काही सिद्ध होत नाही. तळ्याचं झालं नाही, तसं चड्डीचंही नाही."

ते मात्र बारकीला पटलं. त्याच दुपारी, भर उन्हात, तिने आपला एक जादा शर्ट नळाखाली भिजवला आणि यंत्रावर टाकला. खाली येऊन पडद्यासमोर बसली. भर दुपारी, जेव्हा तळ्याने कधी चुकूनही श्वास घेतला नव्हता, तेव्हा रेघ फुगली. बारकीला स्वतःचाच राग आला आणि त्याच वेळी आत कुठेतरी गुदगुल्याही झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीतरी पक्कं शोधलं होतं. ते ओल्या शर्टाबद्दल होतं हा भाग वेगळा.

तळेसरांना आधी एकट्यात सांगावं म्हणून ती त्यांच्या खोलीवर गेली. "सर, तो उंचवटा आहे ना..."

"आहे ना! आहेच!" तळेसर म्हणाले. "आपण दोघांच्या नावाने निबंध लिहायचा. ये, बस, बिस्किट घे. मी काय म्हणतो, शीर्षक..." शीर्षकावर ते बराच वेळ बोलले. बारकी तोंड उघडायची आणि त्यात बिस्किट जायचं. शेवटी ती उरलेलं बिस्किट हातात घेऊन बाहेर आली.

सादरीकरणाच्या दिवशी घरचे आले ते ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून. टपावर शिकाऊ चालकाची पाटी आणि शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक, जो आत्याने वाटभर दाबला होता. सभागृहात आत्या, आई, बाबा मागून तिसऱ्या रांगेत. तळेसर पहिल्या रांगेत मधोमध, नवा शर्ट घालून. धूळबाई कोपऱ्यात.

बारकीने आलेख दाखवले. उंचवटा दाखवला. तळेसर मागे वळून वळून लोकांकडे बघत होते, बघा म्हणून. मग तिने श्वास घेतला. तळ्याने नाही, तिने.

"मला आधी वाटलं हे तळ्यामुळे होतं. तसं मी सगळ्यांना सांगितलंही. ते चूक होतं. यंत्रावर कुणीतरी ओले कपडे वाळत घालतं, त्यामुळे हे होतं."

तळेसर ताडकन उठले.

"कपडे? शास्त्रीय उपकरणावर? ही काय लाँड्री आहे? कोण घालतं?"

"सर, कोण ते महत्त्वाचं नाही..."

"महत्त्वाचं कसं नाही! असल्या गाढवाला छतावर सोडलं कुणी? फोटो आहे का?"

"आहे, सर. पण..."

"दाखव. सगळ्यांना कळू दे."

बारकीने धूळबाईंकडे बघितलं. धूळबाई छताकडे तोंड करून तिथली धूळ तपासत होत्या. बारकीने बटण दाबलं. भिंतभर निळी चड्डी पसरली. एकेक मासा कलिंगडाएवढा.

"अगंबाई, मासे किती गोड आहेत!" आत्या कुजबुजली. आत्याची कुजबुज नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेपर्यंत गेली.

तळेसरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मासे होते तिथेच होते. त्यांचे कान लाल झाले, मग मान. बसावं की उभं राहावं हे त्यांना ठरवता येईना. शेवटी ते उभेच राहिले.

"ती," ते म्हणाले, "माझी आहे."

आधी कुणीच हसलं नाही. मग मागे कुणाला तरी उचकीसारखं काहीतरी झालं आणि अख्खं सभागृह फुटलं. बाबांनी खुर्चीचा हात पकडला. दातांच्या दवाखान्यात इतकी वर्षं गंभीर चेहऱ्याने बसलेली आई पोट धरून वाकली. बारकी मात्र हसली नाही. तिला पायाखालची फरशी उघडली तर बरं असं झालं होतं.

तळेसरांनी हात वर केला. "थांबा," ते म्हणाले. शब्द मात्र नेहमीचेच होते. "यावरून चड्डीच कारण आहे हे सिद्ध होत नाही. रविवारी वाहतूकही कमी असते. वेगळं करून पाहिलंस?"

"पाहिलं, सर. भर दुपारी माझा शर्ट भिजवून टाकला. उंचवटा दुपारी आला. आणि तुम्ही परिषदेला गेला होतात तेव्हा, कामाचे दिवस असूनही, सकाळी काहीच नाही."

"आणि खोल श्वास?"

"टॉवेल, सर."

"उथळ?"

"नुसती... ती."

"बरोबर आहे," तळेसर म्हणाले. "टॉवेलला वेळ लागतोच." आणि खाली बसले. पहिली टाळी त्यांनीच वाजवली, पण चेहरा पडलेला होता आणि सभा संपल्यावर ते कुणाशी न बोलता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं. टेबलावर बिस्किटं नव्हती.

"मला वाटायचं ते यंत्र बंद पडलंय," ते म्हणाले. "नवीन दुसऱ्या कोपऱ्यात बसवणार असं कधीतरी कुणी म्हणालं होतं. आकडे त्यातून येत असतील असं धरून मी विचारलं नाही. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं तेव्हापासून तिथेच टाकतोय. ऊन छान येतं." मग ते म्हणाले, "तू आधी का नाही सांगितलंस?"

"आले होते, सर. तुम्ही बोलू दिलं नाहीत."

तळेसरांनी आठवून पाहिलं. "हो," ते म्हणाले. "तेही खरंच."

मग ते खरं कामाचं बोलले. त्यांचा तो निबंध पोहायला लागल्यानंतरचा होता. तो त्यांनी मागे घेतला, कारणासकट. ते कारण छापताना संपादकांनी दोनदा फोन करून खात्री केली म्हणतात. बारकीला त्यांनी सुट्टी संपेपर्यंत ठेवून घेतलं. दोघांनी मिळून जुन्या आकड्यांतून चड्डी आणि टॉवेल वेचून काढले. ते काम करताना तळेसर मधूनच थांबून म्हणायचे, "हा बघ, हा नवा टॉवेल घेतला तेव्हाचा," आणि दोघं हसायचे. त्या हसण्यात तळेसरांचं थोडं दुःख होतं. बारकीला ते दिसायचं. तळं तिचंही गेलं होतं.

गावी परतल्यावर आत्याने आधीची बातमी मागे घेऊन नवी सोडली, की बारकीने एका मोठ्या साहेबांची चड्डी पकडली. ही आधीच्यापेक्षा लवकर पोहोचली. पुढे त्या क्षेत्रात बारकीचं नाव चड्डीवाली असंच पडलं. शिक्षण संपवून ती नोकरीच्या मुलाखतीला गेली तेव्हा समोरच्या तिघांपैकी एकाने विचारलं, "ती तूच का?" ती हो म्हणाली. पुढचे प्रश्न फारसे कुणी विचारले नाहीत.

नोकरी हवामान केंद्रं तपासण्याची होती. तारे नाहीत, सिद्धांत नाही, आपल्या नावाने ओळखला जाणारा शोध नाही. गावोगाव फिरायचं, यंत्र जागेवर नीट आहे का बघायचं. पहिल्याच फेरीत तिला एका अग्निशमन केंद्रावर पाठवलं. तिथलं पर्जन्यमापक भर उन्हाळ्यात रोज सकाळी थोडा थोडा पाऊस नोंदवत होतं. बाकी आकाश कोरडं ठणठणीत.

ती पहाटेच जाऊन अंगणाच्या कडेला उभी राहिली. जवान बाहेर आले, बंबाला पाइप जोडला आणि गाडी धुवायला लागले. तुषार उडून थेट पर्जन्यमापकात.

"बाई, एवढ्याने काय होतं?" केंद्राचे प्रमुख मिशा पिळत म्हणाले. "उलट रोज आकडा भरतोय. वरचे खूष आहेत. आमच्या भागात पाऊस चांगला म्हणून."

"काका, तुमच्या भागात गाडी चांगली धुतात, एवढंच सिद्ध होतंय," बारकी म्हणाली.

काकांनी आधी रागाने बघितलं. मग जवानांकडे बघितलं. जवान हसू दाबत बंबामागे गेले होते. "मग आता?" काका म्हणाले.

"पहार द्या एक. आणि दोन माणसं."

गाडी धुण्याच्या जागेपासून लांब, मोकळ्या मैदानात तिने जागा दाखवली. माणसं खणायला लागली. बारकीने बाह्या वर केल्या आणि पहार हातात घेतली, कारण त्यांचा खड्डा वाकडा चालला होता.